ड्रॉइंगची फाइल नुसती बघायची आहे

प्रश्न : ताई, नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं युनिट आहे. मी, दोन वेल्डर आणि एक हेल्पर. पूर्वी कंपन्या ड्रॉइंगचा कागद हातात द्यायच्या, आता सगळे मेलवर डीडब्ल्यूजी फाइल पाठवतात. माझा कॉम्प्युटर जुना आहे, चार जीबी रॅमचा. त्यावर बिलं आणि चलनं निघतात. ओळखीच्या एका मुलाने ऑटोकॅडची क्रॅक कॉपी टाकून दिली होती, पण मनाला पटेना म्हणून काढून टाकली. मला ड्रॉइंग काढायचं नाही. बघायचं, दोन-चार मापं घ्यायची, प्रिंट काढून वेल्डरच्या हातात द्यायची. एवढ्यापुरतं हलकं, फुकट आणि रीतसर काही मिळेल का?

उत्तर : दादा, क्रॅक काढून टाकलीत ते फार चांगलं केलंत. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समन मेकॅनिकल होऊन १९८७ साली भोसरीच्या एका ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर, म्हणजे पारदर्शक कागदावर ड्रॉइंग उतरवून घेणारी, म्हणून लागले. मूळ ट्रेसिंग कपाटात कुलपाआड असायचं आणि शॉपवर जायची ती अमोनियाची प्रिंट. फिटरने ती वाचायची, तिच्यावरून मार्किंग करायचं, पण मूळ ट्रेसिंगला हात लावायचा नाही. तुम्ही मागताय ती हीच सोय आहे. मूळ फाइल न बिघडवता वाचता यावी, यासाठी जे सॉफ्टवेअर असतं त्याला व्ह्यूअर म्हणतात.

आता अडचण कुठे येते ते सांगते. डीडब्ल्यूजी ही ऑटोडेस्क कंपनीची स्वतःची फाइल, १९८२ साली त्यांचं ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर बाजारात आलं तेव्हापासूनची. आतली मांडणी कंपनीने कधी उघड केली नाही. ज्यांना ती वाचायची होती त्यांनी आपल्या बळावर उकलून काढली. या कामासाठी १९९८ मध्ये अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांनी मिळून एक संस्थाच उभी केली, तिचं आजचं नाव ओपन डिझाइन अलायन्स. डीएक्सएफ नावाची ड्रॉइंगची दुसरी एक फाइल असते, तिचं तसं नाही. ती फाइलही ऑटोडेस्कचीच, पण देवाणघेवाणीसाठी काढलेली, आणि तिची मांडणी कंपनी स्वतः छापते. म्हणून छोट्या, फुकट सॉफ्टवेअरना डीएक्सएफ नीट वाचता येते आणि डीडब्ल्यूजीशी त्यांची झटापट चालते.

तुमच्या चार जीबीच्या कॉम्प्युटरवर मी दोन गोष्टी टाकेन. एक लिब्रेकॅड. हे जुन्या क्यूकॅडच्या मोफत आवृत्तीतून निघालेलं, फक्त द्विमितीय कामाचं सॉफ्टवेअर आहे. आकाराने लहान आहे आणि जुन्या मशीनवरही पटकन उघडतं. दुसरं ओडीए फाइल कन्व्हर्टर, वर सांगितलेल्या संस्थेचंच, तेही फुकट. त्याला एक फोल्डर दाखवायचा ज्यात आलेल्या डीडब्ल्यूजी आहेत, दुसरा फोल्डर दाखवायचा जिथे डीएक्सएफ हव्यात, आणि बटण दाबायचं. वीस फाइली असल्या तरी एकदम होतात. मग त्या डीएक्सएफ लिब्रेकॅडमध्ये उघडायच्या. लिब्रेकॅड थेट डीडब्ल्यूजीही उघडायचा प्रयत्न करतं, पण कधी एखादा ब्लॉक (एकत्र बांधलेला रेघांचा गट) गायब होतो, कधी हॅच (कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरक्या रेघा). माप चुकलेलं ड्रॉइंग एक वेळ लक्षात येतं, गळालेली रेघ लक्षात येत नाही. म्हणून कन्व्हर्टरमधून जाणंच बरं.

एक सांभाळा. लिब्रेकॅड नुसतं बघायचं सॉफ्टवेअर नाही, त्यात रेघा बदलताही येतात. हात लागून एखादी सरकली आणि सेव्ह झाली तर कुणाला पत्ता लागणार नाही. आलेली फाइल एका फोल्डरात जशीच्या तशी ठेवा, तिची कॉपी दुसरीकडे उघडा. तो पहिला फोल्डर म्हणजे आमचं कुलपातलं कपाट.

ऑटोडेस्कचा स्वतःचा व्ह्यूअरही फुकट आहे, डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू. डीडब्ल्यूजी दाखवण्यात त्याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही, कारण फाइल ज्यांची, व्ह्यूअरही त्यांचाच. मापं घेता येतात, प्रिंट निघते, नव्या फाइलची जुनी आवृत्ती करून मिळते. पण ते हलकं नाही. चार जीबीवर उघडेपर्यंत चहा होईल, आणि शेजारी बिलाचं सॉफ्टवेअर चालू असेल तर दोन्ही अडकतील. रॅम आठ जीबी केलीत आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवलीत, तर मात्र हेच घ्या. गिऱ्हाईक सॉलिडवर्क्सच्या त्रिमितीय फाइली पाठवत असेल तर ई-ड्रॉइंग्ज हा मोफत व्ह्यूअर बघा. पार्ट फिरवून सगळ्या बाजूंनी दिसतो. वेल्डरला असेंब्ली समजावताना त्याचा जो उपयोग होतो तो सांगून कळणार नाही.

फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर सगळा धंदा टांगू नका. ड्राफ्टसाइट नावाचं चांगलं मोफत सॉफ्टवेअर होतं, माझ्या ओळखीच्या कितीतरी वर्कशॉपमध्ये होतं. २०१९ संपलं आणि त्याची मोफत आवृत्ती बंद झाली. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाकडे डीडब्ल्यूजीसोबत पीडीएफ मागा. पीडीएफ दहा वर्षांनी कुठल्याही मशीनवर उघडेल.

प्रिंटचं शेवटी. 'फिट टू पेज'ची खूण काढा, नाहीतर ए-थ्रीचं ड्रॉइंग गुपचूप आक्रसून ए-फोरवर बसतं. प्रिंट निघाली की तिच्यावरचं एखादं मोठं माप स्टीलच्या पट्टीने तपासा. एकास एकच्या ड्रॉइंगवर शंभरचं माप शंभर भरलं तर प्रिंट द्या. आणि पट्टी लावून मापं काढायची सवय वेल्डरला लागू देऊ नका. कागद ओल धरतो, प्रिंटर ओढतो. माप वाचायचं ते लिहिलेलं.

प्रश्न : गिऱ्हाइकाची फाइल उघडतच नाही. 'आवृत्ती जुळत नाही' असं काहीतरी येतं. फोन केला तर ते म्हणतात, आमच्याकडे उघडते. (वाचक, शिरोली)

उत्तर : फाइलची कॉपी करा आणि ती कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचरा दिसेल, घाबरू नका, सेव्ह करू नका. अगदी पहिली सहा अक्षरं वाचा : ए, सी आणि पुढे चार आकडे. १०१५ असेल तर फाइल ऑटोकॅड २००० ते २००२ च्या मांडणीची, १०१८ म्हणजे २००४ ते २००६, १०२१ म्हणजे २००७ ते २००९, १०२४ म्हणजे २०१० ते २०१२, १०२७ म्हणजे २०१३ ते २०१७ आणि १०३२ म्हणजे २०१८ ची आणि त्यानंतरची. तुमचा व्ह्यूअर २०१० सालचा आणि फाइल १०३२ असेल तर ती उघडणारच नाही, दोष कुणाचाच नाही. गिऱ्हाइकाला 'फाइल उघडत नाही' असं न सांगता 'सेव्ह ॲज करून २००० च्या डीएक्सएफमध्ये पाठवा' असं सांगा. त्यांना अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तेही होत नसेल तर वर सांगितलेला कन्व्हर्टर आहेच.

पहिली दोन अक्षरं पी आणि के निघाली, तर ती मुळात झिप फाइल आहे, कुणीतरी नाव बदललंय.

प्रश्न : ताई, मी सातपूरला लेझर कटिंगचं जॉबवर्क करतो. परवा एका प्लेटच्या ड्रॉइंगमध्ये दोन होलांमधलं अंतर १२० लिहिलंय आणि व्ह्यूअरमध्ये मोजलं तर ११८ भरतं. तीनदा मोजलं. गिऱ्हाईक म्हणतं, व्ह्यूअर फुकटातला आहे, त्याचं काय खरं! खरं कुणाचं धरू?

उत्तर : तुम्ही मोजलंत हेच मोठं काम केलंत. जॉब अजून लावला नसेल तर लावू नका.

व्ह्यूअर फुकट असो वा लाखाचा, दोन बिंदूंमधलं अंतर फाइलमधल्या आकड्यांवरूनच काढतो. डीएक्सएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, आत सरळ मजकूर आहे. एका ओळीत सांकेतिक क्रमांक, खालच्या ओळीत त्याची किंमत. वर्तुळाच्या नोंदीत १० आणि २० या क्रमांकांखाली केंद्राचा एक्स आणि वाय, ४० खाली त्रिज्या. तुमच्या दोन्ही होलांची केंद्रं तिथून काढून स्वतः वजाबाकी करा. ११८ च येईल. तुमचं लेझरही तेवढंच वाचतं. लिहिलेला १२० त्याच्या गावीही नसतो.

चूक मोजण्यात झाली असेल तर ती वेगळी दिसते. स्नॅप, म्हणजे नेमका बिंदू पकडायची सोय, न लावता नजरेने क्लिक केलं की ०.३, ०.७ असा विचित्र फरक येतो आणि दर वेळी वेगळा येतो. तुमचा तीनदा ११८ आला, म्हणजे तो प्रश्न नाही. फरक नेमका दुप्पट, पाचपट असेल तर तो डिटेल मोठा करून काढलेला असतो आणि लिहिलेला आकडा खऱ्या मापाचा असतो. २५.४ पट असेल तर इंच-मिलिमीटरचा गोंधळ. ऑटोकॅडच्या जुन्या आर-१२ आवृत्तीच्या मांडणीच्या डीएक्सएफमध्ये एकक लिहायची जागाच नव्हती, तिथे हे हमखास होतं. हजारपट असेल तर कुणीतरी मीटरमध्ये काढलंय. पण १२० आणि ११८? हे कुठल्याच पटीत बसत नाही. इथे बहुतेक कुणीतरी आकडा हाताने टाइप केला आहे.

ऑटोकॅडमध्ये डायमेन्शन, म्हणजे माप, टाकलं की आकडा आपोआप रेघेवरून येतो. पण त्यावर दुसरा आकडा टाइप करता येतो, रेघ तशीच ठेवून. डीएक्सएफमध्ये 'डायमेन्शन'च्या नोंदीत १ या क्रमांकाखाली काही नसेल, किंवा नुसता उघडा-मिटता कोनी कंस असेल, तर आकडा खरा मोजलेला आहे. तिथे १२० लिहिलेलं असेल तर तो टाइप केलेला. बऱ्याचदा ४२ या क्रमांकाखाली खरं मोजमापही नोंदलेलं सापडतं. तेवढं गिऱ्हाइकाला दाखवा, व्ह्यूअरवरचा वाद तिथेच मिटेल.

मी हे इतकं ठासून सांगते, कारण हे मी स्वतः केलेलं आहे.

१९९८ ची गोष्ट. आम्ही बोर्ड सोडून कॉम्प्युटरवर येऊन तीन वर्षं झाली होती. एका पंपाच्या बेस प्लेटचं ड्रॉइंग होतं. तीनशे बाय दोनशेची प्लेट, बारा मिलिमीटर जाड, चार होल अठराची. होलांचं अंतर २४० होतं, साइटवरून कळलं की २५० हवंय. संध्याकाळचे साडेसहा वाजलेले, प्रिंट घ्यायला माणूस दारात उभा. होल सरकवायचे तर दुसरा व्ह्यू, सेक्शन, हॅच, सगळं हलवावं लागलं असतं. मी २४० वर क्लिक केलं, २५० टाइप केलं आणि प्रिंट दिली. काम व्यवस्थित झालं, कारण शॉपवर फिटरने कागदावरचा आकडा वाचून स्टीलपट्टीने मार्किंग केलं, सेंटर पंच मारला, ड्रिल केलं. प्लेट बरोबर बसली. मीही विसरले.

सात वर्षांनी त्याच पंपाची मोठी ऑर्डर आली. तोवर ड्रिलिंग बंद होऊन प्लेटा बाहेर प्रोफाइल कटिंगला जाऊ लागल्या होत्या. जुनी फाइल काढली, तिची डीएक्सएफ केली, पाठवली. छत्तीस प्लेटा होलांसकट कापून आल्या. होलांचं अंतर २४०. साइटवर फाउंडेशन बोल्ट काँक्रीटमध्ये २५० वर रुतून बसलेले. एकही प्लेट उतरेना. कटिंगवाल्यावर ओरडा झाला, त्याचं बिल अडवलं गेलं. दोन दिवस तो बिचारा एकच सांगत होता, मॅडम, फाइलमध्ये जे होतं तेच कापलं. तिसऱ्या दिवशी मी ती फाइल उघडली, त्या २५० वर क्लिक केलं आणि माझ्या लक्षात आलं. मी साहेबांना जाऊन सांगितलं. कटिंगवाल्याचं बिल सुटलं. प्लेटा भंगारात गेल्या.

त्या दिवसापासून मी एकही आकडा टाइप केला नाही, आणि हाताखालच्या मुलींना करू दिला नाही. पाच मिलिमीटर सरकवायला अर्धा तास लागला तरी चालेल, रेघ सरकवायची.

तेव्हा तुम्हीच ते कटिंगवाले आहात असं समजून सांगते. फोनवर विचारू नका. स्क्रीनचा फोटो काढा, त्यात मोजलेलं ११८ आणि लिहिलेलं १२० दोन्ही दिसू द्या, आणि 'कुठलं धरायचं ते कळवा, नवी फाइल पाठवा' असं लिहून मेल करा. गिऱ्हाईक १२० म्हणालं तरी तुम्ही स्वतः होल सरकवू नका. सुधारलेली फाइल त्यांच्याकडूनच, नव्या रिव्हिजन नंबरने येऊ द्या. एका जॉबला एक दिवस उशीर होईल. प्रत्येक नव्या फाइलमध्ये निदान लांबी, रुंदी आणि दोन होलांचं अंतर मोजायची सवय ऑपरेटरला लावा. पाच मिनिटांत होतं.

प्रश्न : ड्रॉइंगच्या झिपमध्ये फाइलीसोबत 'अकॅड' नावाची एक छोटी फाइलही असते. ती लागते का? (वाचक, वाळूज)

उत्तर : लागत नाही, उघडूही नका. ऑटोकॅडमध्ये ऑटोलिस्प नावाची भाषा आहे, तिच्यात लिहिलेला प्रोग्राम ड्रॉइंगशेजारच्या फोल्डरातून आपोआप चालू व्हायची सोय होती. त्या सोयीचा गैरवापर झाला. २०१२ मध्ये इसेट या अँटिव्हायरस कंपनीने 'मेड्रे' नावाचा असाच एक प्रोग्राम उघडकीला आणला. तो मुख्यतः पेरू देशात पसरला होता आणि उघडलेली ड्रॉइंगं गुपचूप चीनमधल्या ईमेल पत्त्यांवर पाठवत होता. लोकांची वर्षांची मेहनत अशी गेली. २०१४ च्या आवृत्तीपासून अनोळखी जागेतला प्रोग्राम चालवण्याआधी ऑटोकॅड विचारतं. ट्रूव्ह्यू आणि लिब्रेकॅड असले प्रोग्राम चालवतच नाहीत, हा त्यांचा एक मोठा फायदा. तरी ती फाइल पुढे कुणाला पाठवू नका, आणि पाठवणाऱ्याला कळवा. त्यांच्या कॉम्प्युटरवर काहीतरी बसलेलं असू शकतं, त्यांनाच ठाऊक नसेल.

प्रश्न : ताई, आम्ही चिपळूणजवळ गावी घर बांधतोय. मिस्टर बोटीवर असतात, सगळं मीच बघते. आर्किटेक्टनी नकाशाची डीडब्ल्यूजी फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. एक ॲप टाकलं, उघडली, पण खोल्यांची मराठी नावं इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा झालीत आणि जिना दिसतच नाही.

उत्तर : ताई, तुमच्या मोबाइलचा दोष नाही. मराठी आधी. युनिकोड येण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. आर्किटेक्टकडे तो फॉन्ट आहे म्हणून त्यांना 'स्वयंपाकघर' दिसतं. तुमच्या मोबाइलवर तो नाही, म्हणून खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. नकाशात काही बिघडलेलं नाही.

जिना नाही, याची तीन कारणं असू शकतात. ॲपमध्ये लेयरची, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या ड्रॉइंगच्या थरांची, यादी असते, तिथे जिन्याचा लेयर बंद असेल तर चालू करून बघा. खाली 'मॉडेल' आणि 'लेआउट' असे भाग असतात, दुसऱ्यात जाऊन बघा. तिथेही नसेल तर जिना वेगळ्या फाइलमध्ये काढून इथे जोडलेला असणार. अशा वेळी मुख्य फाइलमध्ये त्या जिन्याचा फक्त पत्ता असतो, जिना नसतो. पत्ता आर्किटेक्टच्या कॉम्प्युटरवरचा, तो तुमच्या मोबाइलवर कुठून सापडणार? त्यांना म्हणा, 'ई-ट्रान्समिट करून पाठवा'. मग जोडलेल्या फाइली, फॉन्ट सगळं एका झिपमध्ये येतं.

पण खरं विचाराल तर तुम्ही डीडब्ल्यूजीच्या मागे लागूच नका. त्यांच्याकडून पीडीएफ मागा, प्रत्येक मजल्याची एक, जिन्याच्या सेक्शनची वेगळी. फॉन्ट पीडीएफच्या आत बसून येतो, मराठी मराठीच दिसेल. व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून पाठवला तर बारीक आकडे पुसट होतात. मग बाजारात जाऊन ती पीडीएफ ए-थ्रीवर प्रिंट करून घ्या, दोन प्रती. एक गवंड्याला, एक तुम्हाला. तुमच्या प्रतीवर तारीख लिहा, आणि आर्किटेक्टनी काही बदललं की नवी प्रत काढून जुनी गवंड्याच्या हातातून परत घ्या. जुनी प्रत साइटवर राहिली की तो तिच्याच मापाने बांधतो, मी हे घरांतही पाहिलंय आणि कारखान्यांतही.

आर्किटेक्टना एवढं नक्की विचारा : खोलीची मापं प्लास्टरच्या आधीची की नंतरची? कपाट, पलंग, ओटा आधीच ठरवून ठेवणार असाल तर हे माहीत असायला हवं. आणि जिन्याच्या पायरीची उंची किती, ते सेक्शनवर लिहून घ्या. घरात कुणी वयस्कर असतील तर त्यांना तेवढ्या उंचीच्या पाटावर चढून-उतरून बघायला सांगा, काँक्रीट ओतायच्या आधी.